मदत हवी आहे: शनिवार-रविवार ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, कोहात मराठी शोध लागत नाही

तालुका_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी. शनिवारी-रविवारी आमच्या तालुक्यातल्या शासनमान्य वाचनालयांच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आहे. पहिल्या दिवशी वर्गीकरण-तालिकीकरण, दुसऱ्या दिवशी कोहा (वाचनालयाच्या नोंदी, शोध आणि देवघेव सांभाळणारी संगणकप्रणाली). कोहा बसवलं, पुस्तकंही चढवली. पण शोधाच्या चौकटीत मराठी नाव टाकलं की काहीच सापडत नाही. इंग्रजी पुस्तकं बरोबर येतात. शिवाय माझ्या लॅपटॉपवर उघडतं ते बाकीच्या लॅपटॉपवर उघडत नाही. आज बुधवार आहे, तेव्हा 'आधी अमुक वाचून या' असं कृपया कोणी सांगू नका. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक कोणाकडे तयार असेल तर तेही द्या.

झेब्रा
उबुंटूवर थेट बसवलंय की व्हर्च्युअल बॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर)? पुस्तकं एकेक भरलीत की एक्सेलमधून? यादी युनिकोडमध्ये होती की श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये)? शोधाची अनुक्रमणिका आयसीयूवर (सगळ्या लिप्या समजणाऱ्या मांडणीवर) आहे का?

दाखल_नोंदवही
आणि माणसं किती, लॅपटॉप किती? कोणत्या वर्गाची वाचनालयं?

तालुका_ग्रंथपाल
व्हर्च्युअल बॉक्स. एक्सेल. यादीत मराठी नीट दिसतं म्हणजे युनिकोडच असणार ना. आयसीयूचं माहीत नाही. माणसं तीसेक, लॅपटॉप आठ, बहुतेक क आणि ड वर्ग, म्हणजे लहानच. आता तरी सांगा.

दाखल_नोंदवही
आठ लॅपटॉपवर तीस माणसं म्हणजे एकाच्या हातात माउस आणि तिघं बघे. दुसरा दिवसही दाखल नोंदवहीला, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदायच्या वहीला, द्या. ड वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस असतो. तोच झाडतो, तोच देवघेव करतो, तोच वार्षिक अहवाल भरतो. त्याच्या नोंदवहीत देणगीची पुस्तकं चढलेली नसतात, बाद झालेल्यांपुढे शेरा नसतो, एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना पडलेला असतो. ती वही तशीच संगणकावर नेलीत तर चुका संगणकावर जातील, बाकी काही बदलणार नाही.

प्रत्येकाला आपल्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स आणि त्या पानावरची दहा पुस्तकं आणायला सांगा. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, बिल क्रमांक, शेरा: एकेक रकाना पुस्तकाशी ताडून बघायचा. दोन तासांत प्रत्येकाला आपल्या पानावरच्या चुका स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात.

झेब्रा
नोंदवहीचं मान्य, पण विचारलंय ते वेगळं. तालुकाताई/दादा, दोन्ही अडचणी सुटतात. आधी व्हर्च्युअल बॉक्समध्ये स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर परत येता येईल.

शोध: कोहाचं शोधयंत्र झेब्रा. त्याची मूळ मांडणी रोमन लिपीला धरून असते, देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्या तिला धड कळत नाहीत. ईटीसी, कोहा, झेब्राडीबी, ईटीसी या क्रमाने फोल्डर उघडा, आत डीफॉल्ट.आयडीएक्स ही फाइल आहे. तिच्यात डब्ल्यू आणि पी या अनुक्रमणिकांखाली 'चारमॅप'ने सुरू होणारी ओळ असेल. तिच्यापुढे # टाकून ती बंद करा आणि खाली 'आयसीयूचेन'ची ओळ लिहा: डब्ल्यूखाली वर्ड्स-आयसीयू.एक्सएमएल, पीखाली फ्रेजेस-आयसीयू.एक्सएमएल. मग झेब्रा रीस्टार्ट करा आणि कोहा-रीबिल्ड-झेब्रा ही आज्ञा -एफ लावून चालवा. बरेच जण फाइल बदलतात आणि ही शेवटची पायरी विसरतात. मग जुनीच अनुक्रमणिका राहते आणि वाटतं की उपाय लागू पडला नाही.

बाकीचे लॅपटॉप: व्हर्च्युअल बॉक्सच्या नेटवर्कमध्ये एनएटी (आतलं यंत्र बाहेरच्यांना न दिसणारी जोडणी) असेल, ते ब्रिज्ड ॲडॉप्टर करा. मग तुमच्या कोहाला राउटरकडून स्वतंत्र आयपी मिळेल, बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये तोच टाकायचा. कर्मचाऱ्यांच्या पानाचा पोर्ट कोहा-साइट्स.कॉन्फ या फाइलमध्ये दिसेल, बहुधा ८०८०. सभागृहाच्या वाय-फायवर विसंबू नका. तिथे एका यंत्राला दुसरं दिसू नये अशी सोय बऱ्याचदा चालू ठेवलेली असते. घरचा साधा राउटर आणा, इंटरनेटची गरज नाही.

प्रा_ग्रंथपाल
नमस्कार. प्रशिक्षणाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. पदोन्नतीसाठी दोन आठवड्यांचा उजळणी वर्ग चालतो. पूर्वीच्या मानव संसाधन विकास केंद्रांना आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं म्हणतात, तिथे नोंदणी होते. प्रमाणपत्रावरच्या तारखा आणि रजेच्या तारखा जुळतात का ते आधी पाहा.

काउंटर_क्र_२
सर, ते महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी झालं. इथली माणसं सार्वजनिक वाचनालयातली आहेत. त्यांना पुढे शिकायचं तर जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी, तेही नोकरी सांभाळून. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात निदान त्याची माहिती द्या. अनेकांना अर्ज कुठे करायचा हेच माहीत नसतं.

ई_ग्रंथालय_समर्थक
हा सगळा खटाटोप कशाला? एनआयसीचं (केंद्र सरकारच्या माहिती केंद्राचं) ई-ग्रंथालय घ्या. सर्व्हर त्यांचा, मराठी चालतं, उबुंटूचं नाव काढावं लागत नाही.

झेब्रा
चांगलं आहे, पण त्यासाठी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते आणि इंटरनेट कायम लागतं. शनिवार तोंडावर आलाय.

ई_ग्रंथालय_समर्थक
आणि ड वर्गात उबुंटू बंद पडल्यावर कोण धावून येणार? शिकवून गेल्यावर पुढे काय, हे कोहावाले कधी सांगत नाहीत.

दाखल_नोंदवही
हा मुद्दा खरा आहे. आठ-आठ वाचनालयांमागे हाक मारता येईल असा एक जाणता माणूस नेमून, त्याचं नाव प्रशिक्षणातच जाहीर करा.

बडोदेकर
थोडं अवांतर. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्याला आणलं आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा वर्ग सुरू झाला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा मद्रासचा वर्ग त्यानंतरचा, १९२९ चा. गावोगावची वाचनालयं उभी करायची तर आधी ती चालवणारी माणसं शिकवायला हवीत, हे बडोद्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. उद्घाटनात पाहुण्यांनी हे जरूर सांगावं.

काउंटर_क्र_२
सांगावं, पण पाच मिनिटांत. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं यांत सकाळचा दीड तास जातो आणि कात्री प्रात्यक्षिकाला लागते. सत्कार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवा.

वेळापत्रक मागितलंय ते असं. तिसांचे दोन गट करा, म्हणजे एका लॅपटॉपवर दोघंच बसतील. एक गट संगणकावर असताना दुसरा दाखल_नोंदवही म्हणतात ते वहीचं काम करील. दीड तासाने अदलाबदल. जेवणानंतर दोन्ही गटांसमोर एक्सेलमधून नोंदी चढवून दाखवा, पण आधी दहाच. कोहात आयात केलेली तुकडी पूर्ववत करता येते. ती मागे घेऊन दाखवली की नव्या माणसाची भीती जाते. शेवटचा तास देवघेव: सभासद नोंदवा, पुस्तक द्या, परत घ्या.

पहिल्या दिवशी ड्युई वर्गीकरणाचे शंभर विभाग शिकवत बसू नका. क-ड वर्गात बहुतेक पुस्तकं ८९१.४६ (मराठी साहित्य) मध्येच येतात: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. चरित्रं ९२०. एवढं हातात बसू दे.

दाखल_नोंदवही
आणि अभंगाची गाथा? २९४.५ (हिंदू धर्म) की ८९१.४६१?

बडोदेकर
अर्थात २९४.५. वाचक ती भक्तिग्रंथ म्हणून मागतो.

काउंटर_क्र_२
तोच वाचक कवितेच्या कपाटापुढे उभा राहून शोधतो तेव्हा? माझं मत ८९१.४६१. पण कोणतंही एक ठरवा, तालुकाभर तेच पाळा आणि लिहून भिंतीवर लावा.

तालुका_ग्रंथपाल
झेब्रा सर, मनापासून आभार. शोध लागला, बाकीच्या लॅपटॉपवरही उघडलं. पण दोन भानगडी आहेत. काही पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतात. आणि 'दऱ्या' शोधलं तर समोर दिसणारं पुस्तकही सापडत नाही. 'ॲ'चंही तेच.

झेब्रा
कचरा म्हणजे श्रीलिपीतल्या ओळी युनिकोडच्या यादीत मिसळल्या आहेत. दोन वेगळ्या हातांनी यादी टंकली असेल. तेवढ्या ओळी वेगळ्या काढा, फाँट परिवर्तकातून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

'दऱ्या'चं कारण बारीक आहे. दिसायला एकच असलं तरी ते दोन तऱ्हांनी टंकलं जातं: खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. कळफलक बदलला की तऱ्हा बदलते. 'ॲ'ही तसाच, एक अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन. संगणकाला ही वेगवेगळी अक्षरं आहेत. एक्सेलमध्ये सबस्टिट्यूट सूत्र वापरा. ते जोडचिन्ह टंकता येत नाही, म्हणून यूनिकॅर(८२०५) ने आणायचं आणि 'र्' ला जोडून शोधायचं, बदली 'ऱ्' घालायचं. मग जुनी आयात मागे घ्या, फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून साठवा आणि पुन्हा चढवा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

चढवताना कोहाच्या नोंदीतल्या क्रमांकित रकान्यांपैकी ९४२-सी मध्ये साहित्यप्रकार, ९५२-ए आणि ९५२-बी मध्ये शाखेचा संकेत, ९५२-पी मध्ये दाखल क्रमांक हवाच. दुबार क्रमांक असेल तर ती प्रत चढणार नाही, आणि इथेच नोंदवहीवाल्यांचं म्हणणं पटतं. लेखक एकाच रीतीने लिहा: 'जोशी, वि. ग.'. 'वि.ग. जोशी' आणि 'जोशी वि ग' हे कोहाला वेगळे लेखक वाटतात.

तालुका_ग्रंथपाल
झालं! शेवटचं एक. सरावाला सभासद नोंदवला, पण त्याला पुस्तक देता येत नाही, मर्यादा संपली म्हणतं. त्याच्या नावावर एकही पुस्तक नाही.

काउंटर_क्र_२
देवघेवीचे नियम भरलेले नाहीत. नियम नसला की कोहा मर्यादा शून्य धरतं. प्रशासनात जाऊन देवघेवीच्या नियमांच्या तक्त्यात सभासद-प्रकार आणि साहित्यप्रकार निवडा, दोन पुस्तकं, पंधरा दिवस असं भरा आणि जतन करा. दिनदर्शिकेत साप्ताहिक सुट्टी टाका, नाहीतर परतीची तारीख वाचनालय बंद असलेल्या दिवशी येईल. हे शनिवारी रात्रीच करून ठेवा, तीस जणांसमोर नको.