कॉम्प्युटरशी बुद्धिबळ: माणसासारखा खेळणारा प्रतिस्पर्धी हवाय

मंडळी, मदत हवी आहे. रोज रात्री कॉम्प्युटरशी ऑनलाइन बुद्धिबळाचे दोन-तीन डाव खेळतो. एकूण ८ लेव्हल आहेत. चौथीला सहज हरवतो, पाचवीत मात्र विसाव्या चालीच्या आत माझा एखादा घोडा नाहीतर उंट गेलेलाच असतो.

खरी अडचण वेगळीच. चौथ्या लेव्हलचा कॉम्प्युटर दहा चाली एकदम तयारीच्या खेळाडूसारखा खेळतो आणि अकराव्या चालीला वजीर फुकट देऊन टाकतो. माणूस अशी चूक करत नाही हो! स्टॉकफिश या इंजिनला (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला) ० ते २० अशी स्किल लेव्हल असते आणि खालच्या लेव्हलला ते मुद्दाम कमजोर चाली निवडतं, हे ठाऊक आहे. पण असल्या विजयातून शिकायचं काय?

माइया नावाचं इंजिन माणसांच्याच डावांवरून शिकवलंय, त्याच्या ११०० ते १९०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. कुणी खेळलंय का? ११००वाल्याच्या चुका खरंच आपल्यासारख्या वाटतात? आणि सुरुवातीला घड्याळ लावावं की निवांत खेळावं? (चाल मागे घ्यायची वाईट सवय लागलीय, त्यावरही उपाय सांगा.)

माणसांशी खेळ, असं मात्र सुचवू नका. रेटिंग घसरलं की माझी झोप उडते.