वडिलांच्या जुन्या फोनचे ब्लूटूथ दिवसभर सुरू ठेवावे का?

सांजवेळ:
माझ्या वडिलांना कमी ऐकू येते. फोनवरचे बोलणे नीट कळावे म्हणून ते सकाळी ब्लूटूथचे इअरफोन कानात घालतात ते रात्रीच काढतात, त्यामुळे ब्लूटूथ दिवसभर सुरू असते. फोन अँड्रॉइड १० चा आहे. ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेल्या अपडेटची) तारीख ऑगस्ट २०२१ दिसते आणि अपडेट शोधले की ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ एवढेच उत्तर मिळते. याच फोनवर ते यूपीआयने पैसे देतात. अनोळखी जोडणीची विनंती आली तर नाकारायची, हे मी त्यांना शिकवले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

काठावरचा:
नाही. मार्क न्यूलिन या संशोधकाने डिसेंबर २०२३ मध्ये जी त्रुटी उघड केली (त्रुटींच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४५८६६), तिच्यात विनंती नाकारण्याची वेळच येत नाही. जवळपास बसलेल्या हल्लेखोराचा संगणक आपण ब्लूटूथ कीबोर्ड असल्याची बतावणी करतो, फोन मालकाला न विचारता त्याला जोडून घेतो आणि तिथून आलेली प्रत्येक कळ मालकानेच दाबली असे मानतो. अँड्रॉइडवर त्यासाठी ब्लूटूथ सुरू असणे पुरते. गूगलने अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती दिली आणि ५ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतरचा पॅच असलेल्या फोनमध्ये ती आहे, मात्र ४.२.२ ते १० या आवृत्त्यांना ती मिळालीच नाही. म्हणून ‘अद्ययावत आहे’ हे वाक्य मला फार घातक वाटते, कारण कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे, हे त्यातून कळत नाही.

मीनाक्षी_सोलापूर:
वरील माहिती योग्य आहे, फक्त वडिलांना घाबरवू नका. जिथे पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागतो तिथे हा हल्ला अडतो, म्हणजे यूपीआय पिन त्यातून आपोआप हाती लागत नाही. परंतु उघड्या फोनवरचे मेसेज पुढे पाठवणे किंवा एखादे ॲप बसवणे शक्य असते, आणि दवाखान्यात नंबर येईपर्यंत तासभर शेजारी कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. बँकेत नोंदवलेले सिम अजून अपडेट मिळणाऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय तिकडे हलवा. तोवर वायरचे इअरफोन वापरू द्या आणि ब्लूटूथ बंद ठेवा.

सांजवेळ:
आजच वायरचे आणते. घरच्या वायफायचे काय? २०१७ च्या ‘क्रॅक’ या वायफायमधील त्रुटीबद्दल वाचले होते.

काठावरचा:
मॅथी व्हॅनहोफ या संशोधकाने दाखवलेली ती त्रुटी डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत जोडणी होताना चालणाऱ्या देवाणघेवाणीत होती आणि अँड्रॉइड ६ ला तिचा विशेष फटका बसला होता. अँड्रॉइडसाठी तिची दुरुस्ती नोव्हेंबर २०१७ च्या पॅचमध्ये आली, त्यामुळे तुमच्या ऑगस्ट २०२१ च्या पॅचमध्ये ती आहेच. तुमच्या फोनवर तातडीने बंद करण्यासारखे ब्लूटूथच आहे.