हरणांसाठी सफरचंद, रानात कुठली झाडं लावू?

रानवाट: पेनसिल्व्हेनियात आमची थोडी जंगलजमीन आहे, ओक न मेपलच जास्त. मागच्या वर्षी हरणांसाठी सफरचंदाची ४ कलमं लावली तर सगळे शेंडे खुडून खाल्ले, एकाची साल तर नराने शिंगं घासून पार सोलली, बघून फार वाईट वाटलं. आता काय करू?

माळीदादा: आधी जाळी! ५ फूट उंच, तारेची, बुंध्यापासून २ फूट लांब गोल. खाली बुंध्याला बारीक जाळी गुंडाळा, नाहीतर हिवाळ्यात बर्फाखालून उंदीर साल कुरतडतात. आणि दाट सावलीत फळ धरत नाही हो, ६-८ तास ऊन पाहिजे, रानाच्या कडेला लावा.

मिशिगनकर: लिबर्टी, एंटरप्राइज या सफरचंदाच्या जाती घ्या, स्कॅब रोगाला (पानाफळांवर डाग पाडणारी बुरशी) दाद देत नाहीत, रानात कोण फवारत बसणार. सोबत डोल्गो क्रॅबॲपल (छोट्या आंबट सफरचंदाची जात), ते लवकर पिकतं आणि एंटरप्राइज ऑक्टोबरात, म्हणजे हरणांना बरेच दिवस खायला मिळतं. फक्त बुटक्या खुंटावरचं (खुंट म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात ते) कलम नको, झाड ठेंगणं राहतं आणि हरणं मागच्या पायांवर उभी राहून फांद्या ओढतात.

रानवाट: खूप आभार दोघांचे! उद्याच तार आणतो, साल सोललेलं झाड खालून फुटतंय, पण फुटवा खुंटाचा आहे का कलमाचा ते बघावं लागेल.