आजोबांच्या डब्यातलं चांदीचं नाणं, पुडीवर 'मिलिंद' लिहिलंय

प्रश्न (सोलापूर)

नमस्कार. माझे आजोबा इथल्या कापड गिरणीत जॉबर होते. त्यांना जुन्या नाण्यांचा फार नाद. गड्ड्याच्या यात्रेत आम्ही पोरं पाळण्यात बसायचो आणि ते जुनं सामान मांडून बसलेल्यांशी तासभर बोलत उभे राहायचे. ते गेल्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. त्यात निजामाचे, ब्रिटिशांचे रुपये आहेत, ते मला ओळखता येतात. एक नाणं मात्र वेगळं आहे. नखाएवढं, जाडसर, नीट गोल नाही. एका बाजूला डोक्याला पट्टी बांधलेला तरुण, पट्टीची टोकं मानेवर सुटलेली. भोवती इंग्रजीसारखी अक्षरं, पण शब्द लागत नाहीत. मागे ढाल घेतलेली बाई काहीतरी फेकतेय, तिच्याभोवती वेगळीच लिपी.

मंगळवार पेठेत सराफाकडे वजन केलं, 2.41 ग्रॅम. "चांदी चांगली आहे, मोडीत घेतो," म्हणाले. मी परत आणलं. पुडीवर आजोबांनी पेन्सिलने 'मिलिंद' लिहिलंय. आमच्यात या नावाचं कुणी नाही. कुणी दिलं असेल, म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. आणखी एक, आईने दिवाळीच्या भांड्यांबरोबर एक बाजू रांगोळीने घासली. नुकसान झालं का? फोटो जोडलाय.

उत्तर 1

ताई, फोटो मोठा करून पाहिला. मिलिंद हा नाणं देणारा नव्हे, ते पाडणारा राजा! ग्रीक राजा मिनँडर, पाली ग्रंथात मिलिंद. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर पंजाब-गांधारकडे त्याचं राज्य होतं. चेहऱ्याखालच्या ओळीत त्याचंच नाव आहे. पूर्ण मजकूर 'बॅसिलिओस सोटेरोस मेनांद्रू', म्हणजे तारणहार राजा मिनँडरचे. मागची लिपी खरोष्ठी, उजवीकडून डावीकडे वाचायची : 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. तेच वाक्य, प्राकृतात. एकच मजकूर दोन लिप्यांत होता म्हणूनच 1830 च्या दशकात इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेप यांना अशा नाण्यांवरून खरोष्ठी लावता आली. ती बाई म्हणजे ग्रीक देवी अथीना, वज्र फेकणारी.

वजनही जुळतंय. अथेन्सच्या मापाचा द्राख्मा, म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं, साधारण 4.3 ग्रॅमचा, इथल्या ग्रीक राजांनी इथल्या मापाचा हलका द्राख्मा पाडला, तो अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो. पण नुसत्या वजनावर खरं मानू नका, नकला भरपूर आहेत. दहापट भिंगाखाली कड बघा. ओतीव नकलेत कडेला सांध्याची रेघ असते, पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरं साबण झिजल्यासारखी गुळगुळीत. खरं नाणं दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेलं, म्हणून चित्र एका बाजूला सरकलेलं असतं. तुमचं सरकलेलं आहे, पण ठोकलेल्या नकलाही निघतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथल्या जाणकारांना प्रत्यक्ष दाखवा.

रांगोळीने काळी झाक गेली, ती परत आणता येणार नाही. पण अक्षरं शाबूत आहेत. आता काहीही लावू नका. कडेने धरा. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. पुडीचा कागद टाकू नका, आजोबांचं अक्षर ही त्या नाण्याची ओळख आहे.

उत्तर 2

बार्शीपलीकडच्या तेरला एकदा जाऊन या. जुन्या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, त्याचं नाव तगर. तिथून साधं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जायचं असं तीत लिहिलंय. आणि त्याच भडोचच्या बाजारात मिनँडरचे जुने द्राख्मे अजून चालतात, हेही. म्हणजे राजा मरून दोनशे वर्षं होत आली तरी त्याची चांदी व्यापारी घेत होते! तुमचं नाणं तिकडून आलं असं मी म्हणत नाही. पण गिरणीत जन्म काढलेल्या माणसाच्या हाती हे नाणं यावं, याचं मला फार बरं वाटलं. आपण 'दाम करी काम' म्हणतो ना, तो दाम याच द्राख्म्यातून आला. द्राख्मा, द्रम्म, दाम.

परदेशातून कुणी मागितलं तर पाठवू नका. शंभर वर्षांपलीकडचं नाणं पुरावस्तू ठरतं, 1972 च्या कायद्याने ते असं बाहेर पाठवता येत नाही.

प्रश्नकर्ती

सराफांकडून भिंग आणलं. कडेला रेघ नाही, एके ठिकाणी बारीक चीर आहे. चेहऱ्याखाली पहिलं अक्षर आपल्या ओळखीच्या 'एम'सारखं निघालं. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आजोबांच्या ट्रंकेत 'मिलिंद प्रश्न' नावाचं पुठ्ठा सुटलेलं पुस्तक होतं, वाचनालयाला दिलं असेल. उद्या सकाळी वाचनालयात जाऊन विचारते.