‘आट्टम’चा शेवट

‘आट्टम’ या मल्याळम चित्रपटाबद्दल ‘गुन्हेगार कोण ते कळतच नाही, म्हणून तो अर्धवट वाटतो’ असं एक मत ऐकू येतं, ते मला पटत नाही. (पुढे रहस्यभेद आहे.) आनंद एकर्शींची पटकथा, जिला ७० वा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, नाटकमंडळीतल्या पुरुषांच्या बैठकीवर उभी आहे. मंडळीतल्या अभिनेत्रीची, अंजलीची, विनयभंगाची तक्रार ऐकून आधी सहकलाकार हरीला काढायचं ठरतं. मग त्याच्याच ओळखीतून परदेश दौऱ्याचं आमंत्रण येतं आणि तीच माणसं तिच्याकडे पुरावा मागू लागतात. किती सहज फिरतात सगळे! मंडळीतलाच विनय सर्वात जास्त खुपतो, कारण तिच्याशी असलेलं नातंच तो झाकून ठेवतो. एवढं पाहिल्यावर अंजलीला ते एक नाव जाणून घ्यावंसं का वाटेल? तिच्यासाठी आता सगळेच सारखे.