जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन घरी बांधताना हेड घासावे का, पोर्ट वाढवावेत का?

प्रश्न (माजलगाव, जि. बीड)

नमस्कार. माजलगाव धरणातील मासेमारीसाठी आम्ही भावाभावांनी कोकणातून ९.९ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन आणले. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ते पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते. पावसाळ्यानंतर होडीला लावले तेव्हा थोड्याच वेळात थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली, आवाज जड झाला आणि इंजिन जागीच थांबले. आता दोरी ओढली की फिरते, परंतु गेज लावल्यावर वरच्या सिलिंडरला ७५ आणि खालच्याला ११० पौंड दाब दिसतो. आमच्याकडील मेकॅनिकचा हात राजदूत आणि लुनावर बसलेला आहे. एवीतेवी इंजिन उघडायचेच आहे, तर दाब वाढवण्यासाठी हेड (सिलिंडरचे झाकण) घासून घ्यावे आणि एक्झॉस्टचे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील धूर जाण्याची भोके) वर वाढवावेत, म्हणजे जाळ्यांनी भरलेली होडी झपाट्याने निघेल, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वाळूज)

दोन सिलिंडरच्या दाबात साधारण दहा टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल तर इंजिन उघडणे भागच आहे. परंतु बोअरकडे, म्हणजे सिलिंडरचे भोक मोठे करून घेण्याकडे, वळण्याआधी पाण्याची धार का आटली, हे शोधा. पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर महिनोन्महिने कोरडा पडून राहिला की त्याची पाती एका बाजूला वाकून कडक होतात, आणि पहिल्याच फेरीत त्यांचे तुकडे पाण्याच्या वाटेत अडकतात. इंजिन कोकणातले आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात चाललेले. तेव्हा सिलिंडरभोवतीच्या पोकळीत आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) घरात मिठाचा खडा साचलेला सापडण्याची दाट शक्यता आहे. ती वाट मोकळी न करता नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेने जाईल.

हेडचे बोल्ट पान्याला जोर देऊन सोडवू नका. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये खाऱ्या पाण्याने धरलेला बोल्ट सुटण्याऐवजी तुटतो. आधी गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवा, नंतर आजूबाजूचा ब्लॉक गरम करा आणि बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत काढा.

पिस्टन बाहेर आल्यावर त्याच्यावरील ओरखडे नीट पाहा. ते मुख्यतः एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णतेवर, आणि चहूबाजूंनी कोरडे असतील तर तेलाच्या अभावावर संशय घ्यावा. लेथवाल्याकडे ब्लॉक नेण्यापूर्वी मोठ्या मापाचा पिस्टन हातात हवा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टची धार हलकेच मोडून घ्या; धारदार कडेत पिस्टनची रिंग अडकते आणि तुटते. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगची दोन्ही टोके त्या पिनेवरच बसली पाहिजेत.

क्रँकचे ऑईल सील जुनेच ठेवण्याचा मोह टाळा. या इंजिनात क्रँककेस हाच पेट्रोल-हवेचे मिश्रण वर ढकलणारा पंप असतो. सील गळले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ पडते आणि पिस्टन पुन्हा चिकटतो.

उत्तर २ (नांदेड)

शक्ती वाढवण्याविषयी लिहितो. कोकणात अनेक होड्या रॉकेलवर चालतात आणि त्यासाठी कमी दाबाची वेगळी इंजिने मिळतात. तुमचे इंजिन त्या प्रकारचे असेल तर ११० पौंड हा कदाचित त्याचा मूळ स्वभावच असेल. म्हणून आधी पाटीवरील मॉडेल क्रमांक तपासा. रॉकेलचे हेड निघाले तर ते घासण्यापेक्षा त्याच मॉडेलचे पेट्रोलचे हेड मिळवणे शहाणपणाचे.

पोर्ट वाढवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. एक्झॉस्टचा पोर्ट वर नेला की ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि खालच्या फेऱ्यांवरची ओढ कमी होते, आणि भरलेल्या होडीला नेमकी तीच ओढ हवी असते. मोटारसायकलला गिअर बदलता येतात; येथे पुढे जाण्यासाठी एकच गिअर आणि एकच पंखा. तेव्हा बदल करायचाच असेल तर पंख्यात करा. पूर्ण भार घालून, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या मोजा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मर्यादेच्या, जी बहुधा ४५०० ते ५५०० असते, त्या खाली राहत असतील तर कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा, म्हणून हलका पडणारा) पंखा लावा. आपले धरण समुद्रसपाटीपासून चारशेहून अधिक मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेत इंजिनाची ताकद थोडी घटते, त्यामुळे किनाऱ्यावर निवडलेला पंखा येथे थोडा जड पडणारच.

बऱ्याच मालिकांमध्ये ९.९ आणि १५ अश्वशक्तीची इंजिने एकाच ब्लॉकवर बांधलेली असतात व फरक मुख्यतः कार्ब्युरेटरचा असतो. तुमचे तसे निघाले तर सुटे भाग बदलून शक्ती वाढवता येईल, मात्र होडीचा मागचा फळा तेवढा जोर सोसेल का, ते आधी पाहावे.

उत्तर ३ (परभणी)

इंधनाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे. फवारणी पंपाच्या डब्यात उरलेले मिक्स (पेट्रोल-तेलाचे मिश्रण) किंवा मोटारसायकलचे टू-स्ट्रोक तेल यात घालू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे राखविरहित तेल वेगळे मिळते. नव्या रिंगांसाठी सुरुवातीला बहुधा २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, आणि पुढे ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली तेल सांगितलेले असते. तरी तुमच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम मानावा. पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा ओढते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी तळाला बसते, तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीची नळी तळाशी असल्याने इंजिनाला तेलाविना द्रव मिळतो. म्हणून मिक्स लागेल तेवढेच करा आणि जुन्या रबरी नळ्या बदला. आणखी एक विनंती, तेल ‘थोडे जास्तच बरे’ म्हणून ओतू नका; न जळलेला भाग धरणात जातो आणि त्या धरणाचे पाणी बीड शहर पिते.

प्रश्नकर्ता (माजलगाव)

सर्वांचे आभार. पोर्टचा विचार सोडला. बांधून झाल्यावर पहिली चाचणी घरी अंगणात घेता येईल का?

उत्तर १ (वाळूज)

घेता येईल. मोठ्या टिपाडात पाणी भरून खालचा पाय पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत बुडवा, पंखा काढून ठेवा आणि धार सुरू झाल्याशिवाय थ्रॉटलला हात लावू नका. क्षणभर पाहू म्हणून कोरडे सुरू केले तरी नवा इंपेलर तेवढ्यात जळतो. टिपाडात ते फक्त मंद गतीने चालवा आणि पाणी तापू लागले की बंद करा. नव्या रिंगा चालवून-चालवून सिलिंडरला जुळवून घेण्याचे काम धरणावर, हलक्या भाराने आणि थ्रॉटल कमी-जास्त करत करायचे आहे.