विरळ बहुपदींच्या मसाविवरील पहिला शोधनिबंध कोठे पाठवावा: इसॅक, कास्क की थेट नियतकालिक?

शोधविद्यार्थी

नमस्कार. मी कॉम्प्युटर अल्जिब्रा, म्हणजे संगणकाकडून बीजगणिती राशींवर अचूक क्रिया करून घेणे, या विषयात पीएचडी करत आहे. अनेक चलांच्या विरळ (म्हणजे मोजकीच पदे असलेल्या) बहुपदींचा मसावि काढण्याच्या झिपेल यांच्या पद्धतीत, म्हणजे निवडक बिंदूंवरील मूल्यांवरून मसावि पुन्हा जुळवणाऱ्या रीतीत, आम्ही एक बदल केला आहे. त्यामुळे बऱ्याच उदाहरणांत कमी बिंदूंवर मूल्ये काढून काम भागते. सी भाषेतील कोड तयार आहे आणि तो नीट चालतो. मात्र बिंदू कमी का लागतात याची सिद्धता काही विशेष प्रकारांपुरतीच हाती आली आहे.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते हे काम थेट नियतकालिकाकडे पाठवावे. मला मात्र आधी एखाद्या परिषदेत ते मांडून जाणकारांचे म्हणणे ऐकावे असे वाटते, आणि या विषयाच्या इसॅक या आंतरराष्ट्रीय परिषदेचे नाव सर्वांत आधी डोळ्यांसमोर येते. सिद्धता अपुरी असताना तेथे पूर्ण निबंध पाठवणे शहाणपणाचे ठरेल का? की पोस्टर किंवा दुसरी एखादी परिषद बरी? ज्यांनी तेथे निबंध पाठवले किंवा तपासले आहेत त्यांनी कृपया सल्ला द्यावा.

बीजगणक

आपला विषय इसॅकच्या अगदी घरचा आहे, तेव्हा तो तेथे बसेल की नाही ही शंका मनातून काढून टाकावी. १९८८ पासून या नावाने दरवर्षी भरणाऱ्या या परिषदेची परंपरा १९६६ च्या सिमसॅमपर्यंत मागे जाते, आणि आपण ज्या पद्धतीत बदल केला आहे ती झिपेल यांनी मांडली तीच मुळी १९७९ मध्ये मार्सेय येथील युरोसॅममध्ये, म्हणजे याच परंपरेतील एका परिषदेत. पुढे फोजेर यांचा ग्रोब्नर बेसिससाठीचा (बहुपदी समीकरणे सोडवण्यास उपयोगी अशा बहुपदींच्या संचासाठीचा) एफ५ अल्गोरिदम २००२ मध्ये लील येथे आणि मॅट्रिक्स गुणाकाराच्या घातांकाची वरची मर्यादा आणखी खाली आणणारा ल गाल यांचा निबंध २०१४ मध्ये कोबे येथे वाचला गेला. अशा निबंधांची सवय असलेल्या परीक्षकांना केवळ 'आमचा कोड वेगवान आहे' एवढे वाक्य पुरत नाही.

परिषद सहसा जुलैमध्ये असते आणि निबंधांची मुदत साधारण जानेवारीत संपते. निबंध दोन स्तंभांच्या मांडणीत सुमारे आठ पानांत बसवावा लागतो. ही मर्यादा ऐकायला सोपी वाटते, पण अल्गोरिदम, त्याची अचूकता, वेळेचे विश्लेषण आणि प्रयोग असे चारही भाग त्यात बसवताना लेखकाचा कस लागतो. अल्गोरिदम, सॉफ्टवेअर आणि उपयोजन अशा तिन्ही अंगांचे निबंध तेथे घेतले जातात. परंतु मसाविसारख्या जुन्या प्रश्नावर अल्गोरिदमचा निबंध पाठवायचा असेल, तर त्यात एक स्वच्छ प्रमेय असावे असे माझे ठाम मत आहे.

ते प्रमेय सर्वव्यापी असण्याची गरज नाही. आपली पद्धत संभाव्यतेवर आधारलेली असणार, तेव्हा ती फसण्याची शक्यता किती, हे तरी नेमके सांगता आले पाहिजे. शून्येतर बहुपदीचा एकूण घात डी असेल आणि चलांची मूल्ये एखाद्या सांत संचातून यादृच्छिकपणे निवडली, तर बहुपदीची किंमत शून्य येण्याची शक्यता डी भागिले त्या संचाची सदस्यसंख्या याहून अधिक नसते, हा श्वार्ट्झ आणि झिपेल यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम आपल्याला ठाऊक असेलच. त्याच्या आधारे प्रत्येक टप्प्यावरील अपयशाची शक्यता मोजून तिची बेरीज करावी आणि ज्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांत आकडेमोड करायची ती किती मोठी घ्यावी लागेल हे त्यावरून ठरवावे. एवढे झाले, आणि ज्या विशेष प्रकारांत बिंदू खरोखर कमी लागतात ते गृहीतकांसह मांडता आले, तर पूर्ण निबंध अवश्य पाठवावा.

निरीक्षक

बीजगणक यांच्याशी बरीचशी सहमती आहे, तरी प्रमेयाचा आग्रह थोडा सैल करावा असे मला वाटते. आपल्या कामाचे बळ कोडमध्ये असेल तर गणिती सॉफ्टवेअरला वाहिलेल्या आयसीएमएस या परिषदेचा विचार करावा. तेथील श्रोते अंमलबजावणीतील निर्णयांबद्दल आपुलकीने प्रश्न विचारतात. कास्क या कॉम्प्युटर अल्जिब्राच्याच दुसऱ्या परिषदेचा निबंधसंग्रह स्प्रिंगरच्या संगणकशास्त्रविषयक व्याख्यानमालेत निघतो आणि तेथे पानांची ओढाताण कमी असते. केवळ अभिप्राय हवा असेल तर कॉम्प्युटर अल्जिब्राच्या उपयोजनांवरील एसीए ही परिषद सर्वांत सोयीची, कारण तेथे विषयवार सत्रे असतात आणि सारांशावर व्याख्यान देता येते. मात्र पीएचडीसाठी प्रकाशन दाखवायचे असल्यास तिचा उपयोग मर्यादित आहे. मार्गदर्शकांचा नियतकालिकाचा आग्रह चुकीचा नाही, पण तो दुसरा टप्पा असावा.

मूळसंख्या

कोठेही पाठवले तरी प्रयोगांच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मसाविवरील निबंध बहुधा तेथेच अडकतात. यादृच्छिक बहुपदी घेऊन केलेल्या तक्त्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. मसावि १ आहे, मसावि दत्त बहुपदींच्या मानाने लहान आहे, मसावि मोठा असून सहविभाजक (दत्त बहुपदींना मसाविने भागून उरणारे भागाकार) लहान आहेत, अशी निरनिराळी कुटुंबे वेगवेगळी तपासावीत; एका कुटुंबात आपली पद्धत हरत असेल तर तेही तक्त्यात दाखवावे. तुलना मेपल, मॅग्मा, सिंग्युलर आणि फ्लिंट या बीजगणिती सॉफ्टवेअरांपैकी जे उपलब्ध असेल त्याच्या ताज्या आवृत्तीशी करावी आणि यंत्र, कंपायलर व धाग्यांची (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांची) संख्या नोंदवावी. स्वतःचा कोड चार धाग्यांवर आणि दुसऱ्याचा एकाच धाग्यावर चालवून मिळवलेला वेग परीक्षक लगेच ओळखतात.

एक प्रश्न आपल्याला हमखास विचारला जाईल. मसाविचा मुख्य सहगुणक (सर्वोच्च घाताच्या पदाचा सहगुणक) १ नसेल तेव्हा निरनिराळ्या बिंदूंवर मिळालेली उत्तरे एकाच मापात कशी आणता? झिपेल यांच्या पद्धतीतील ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर मोनागन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीजिंग येथील इसॅकमध्ये स्वतंत्र निबंध वाचला होता. त्याचा उल्लेख आणि त्याच्याशी तुलना नसेल तर निबंध परत येईल असे समजावे.

प्रस्तावनेत मात्र जागा घालवू नये. क्नुथ यांच्यामुळे प्रसिद्ध झालेले उदाहरण, ज्यात आठव्या व सहाव्या घाताच्या दोन साध्या बहुपदींवर पूर्णांकांत युक्लिडची रीत चालवली की शेवटी ३५ अंकी संख्या हाती येते, ते या सभागृहातील प्रत्येकाला पाठ आहे. सहगुणक का फुगतात हे त्यांना सांगण्यासाठी अर्धे पान खर्चणे आठ पानांत परवडत नाही.

शोधविद्यार्थी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मुख्य सहगुणकाचा प्रश्न आम्ही प्रत्येक प्रतिमेसाठी (म्हणजे प्रत्येक बिंदूवर मिळालेल्या उत्तरासाठी) एक जास्तीचा अज्ञात गुणक घेऊन सोडवला आहे, म्हणजे २००५ च्या निबंधाशी तुलना करणे भागच आहे. अपयशाच्या शक्यतेचा हिशेब मुदतीपूर्वी होईल असे वाटते. तो झाला नाही तर यंदा पोस्टर आणि पुढील वर्षी निबंध असा बेत आहे. पोस्टरमुळे पुढचा निबंध अडचणीत येतो का?

बीजगणक

सहसा येत नाही. पोस्टरची मुदत बहुतेक वेळा निबंधांचे निकाल लागल्यानंतरची असते, तेव्हा निबंध नाकारला गेला तरी त्याच वर्षी पोस्टरची वाट खुली राहते. पोस्टरचा संक्षिप्त सारांश सिगसॅम या कॉम्प्युटर अल्जिब्राच्या संघटनेच्या पत्रिकेत छापला जातो आणि तो पूर्ण निबंध मानला जात नाही. तरीही सारांशात निष्कर्ष व गृहीतके द्यावीत आणि सिद्धतेचा गाभा निबंधासाठी राखून ठेवावा. त्या वर्षीच्या सूचनेतील पूर्वप्रकाशनाचे कलम मात्र शब्दशः वाचावे.

मूळसंख्या

पोस्टर केलेच तर वेळमापनाचा तक्ता तळाशी ठेवावा आणि मध्यभागी तीन चलांचे एकच छोटे उदाहरण बिंदूबिंदूने सोडवून दाखवावे. जुन्या पद्धतीला तेथे किती बिंदू लागले आणि आपल्याला किती, हे उभ्या उभ्या दिसले की पाहणारे स्वतःहून प्रतिउदाहरणे सुचवू लागतात, आणि अडलेल्या सिद्धतेला त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो.